हलव्याचा दाणा आणि राळेचा मणी

संक्रांत आठ दिवसांवर आली कीं परतवाड्यास मेळघाटाकडून येणारा वारा बोचूं लागतो, आणि जुन्या वळणाच्या घरांतून एक नाजूक व चिकाटीचें काम सुरू होतें. शेगडींतील निखारे राखेनें झांकून त्यांवर परात ठेवावयाची, परातींत खसखस, तीळ किंवा साबुदाणा घ्यावयाचा, आणि साखरेचा पाक चमच्या-चमच्यानें सोडीत दाणे बोटांनीं सारखे हालवीत राहावयाचें. पाकाचा पहिला हात वाळला कीं दुसरा, दुसरा वाळला कीं तिसरा. तासांमागून तास जातात, कित्येकदां काम दुसऱ्या दिवसावर जातें, आणि अखेर खसखशीच्या सूक्ष्म कणाभोंवतीं साखरेचे थरावर थर चढून शुभ्र, काटेरी हलवा तयार होतो. नव्या सुनेचे हलव्याचे दागिने आणि लहान मुलाचें बोरन्हाण त्यावांचून साजरें होत नाहीं. हा हलवा करणाऱ्या गृहिणीस तीन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. पाक एकदम ओतला तर दाणे एकमेकांस चिकटून त्यांचा गोळा होतो. विस्तव प्रखर झाला तर पाक दाण्यावर बसण्याऐवजीं निराळाच वाळून त्याचा भुगा पडतो. आणि हात थांबला तर तोंवरचे सारे श्रम वायां जातात.

विसाव्या शतकांत रसायनशास्त्रज्ञांनीं बंद पोलादी पात्रांत, ऊन पाण्यांत, कृत्रिम राळेचे थरदार मणी बनविण्याची जी विद्या सिद्ध केली, तिचे नियम या तीन नियमांहून फारसे निराळे नाहींत. बीज हवें, पुरवठा मंद हवा, हालचाल अखंड हवी. परंतु हे नियम हस्तगत होण्यास जवळजवळ एक शतक लागलें. आणि त्या शतकाचा आरंभ कारखान्यांत न होता शेतांतील मातींत झाला, ही या इतिहासांतील सर्वांत मनोरंजक गोष्ट होय. माती आणि पाणी यांच्या परस्परसंबंधाचा जो प्रश्न त्या वेळीं पुढें आला, तो वऱ्हाडाच्या अगदीं उंबरठ्यावरचा प्रश्न आहे.

परतवाडा हें अचलपुरास लागून असलेल्या जुन्या लष्करी छावणीचें गांव. त्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा उभ्या आहेत. मेळघाटांतील सागवानानें येथील लाकडाची पेठ नांवारूपास आली. डोंगराच्या पायथ्याशीं वाळू व गोटे यांचा भराव असल्यामुळें तेथील विहिरींना गोडें पाणी लागतें आणि संत्र्यांच्या बागा पोसल्या जातात. पण तेथून दक्षिणेकडे, अंजनगांव, दर्यापूर, अकोट या बाजूस उतरूं लागलें कीं कांहीं कोसांतच विहिरींचें पाणी पालटतें. पूर्णा नदीच्या दोहों बाजूंचा हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला असून त्याचा विस्तार साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. तेथील भूमि काळीभोर व खोल, कापूस पिकविणारी. पण तिच्या पोटांतील पाणी खारट. तें पिण्यास नको, शेतीस नको, आणि त्यांत डाळहि नीट शिजत नाहीं. जमीन सकस असतां पाणी असें कां, आणि त्यास उपाय काय, हा प्रश्न या मुलखांतील माणसांस पिढ्यान्‌पिढ्या भेडसावीत आला आहे.

वऱ्हाडची काळी माती डोळ्यांना एकजीव दिसते. परंतु सूक्ष्म दृष्टीनें पाहिल्यास ती पोथीच्या पानांसारखी थराथरांची असते. तिच्यांतील चिकणखनिजाचीं पानें अतिशय पातळ असून त्यांवर ऋण विद्युद्भार असतो. हा भार तोलण्याकरितां पानांच्या मधल्या फटींत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम अशा धातूंचे धनभारित कण, म्हणजे आयन, येऊन बसतात. ते तेथें कायमचे जखडलेले नसतात. पाण्याबरोबर दुसरे आयन आले कीं जुने जागा सोडतात व नवे ती घेतात. जमिनींत कॅल्शियम अधिक असलें तर माती भुसभुशीत राहते. सोडियम अधिक झालें तर तीच माती पावसांत चिखल होऊन बसते आणि उन्हांत दगडासारखी घट्ट होते. खाऱ्या पाण्याचें ओलीत काळ्या जमिनीस कां सोसत नाहीं, याचें मर्म या देवघेवींत आहे.

या देवघेवीचा प्रथम पत्ता लागला तो इंग्लंडांत. यॉर्कशायर परगण्यांतील एच. एस. थॉम्सन नांवाच्या जमीनदारास असा प्रश्न पडला होता कीं, शेणखतांतील अमोनिया पावसाच्या पाण्याबरोबर वाहून कां जात नाहीं. त्यानें मातीच्या थरांतून अमोनियम सल्फेटाचें पाणी झिरपविलें. खालून बाहेर आलेल्या पाण्यांत अमोनियाऐवजीं कॅल्शियम मिळालें. इंग्लंडच्या राजकीय कृषिसंस्थेचे रसायनज्ञ जे. टी. वे यांनीं हेच प्रयोग पद्धतशीरपणें केले आणि १८५० सालीं त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माती ही नुसती गाळणी नसून देवघेव करणारी पेढी आहे, एक आयन ठेवून घेऊन त्याच्या मोबदल्यांत दुसरा देणारी, असें त्यांतून निष्पन्न झालें. त्या काळच्या मोठमोठ्या पंडितांना ही गोष्ट सहजासहजीं पटली नाहीं; पण प्रयोग खरा होता आणि तो टिकला.

पुढील पाऊल पडण्यास अर्धें शतक जावें लागलें. जर्मनींत रॉबर्ट गान्स यांनीं १९०५ च्या सुमारास मातींतील या गुणाची नक्कल करणारे कृत्रिम झिओलाइट तयार केले व जड पाणी मृदु करण्याकडे त्यांचा उपयोग केला. जड पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम असतें. त्यामुळें साबणास फेस येत नाहीं आणि बाष्पयंत्राच्या नळ्यांत दगडी खपली धरते. असें पाणी झिओलाइटाच्या खड्यांतून सोडलें कीं कॅल्शियम खड्यांत अडकतें आणि त्याच्या जागीं सोडियम पाण्यांत येतें. खडे भरले कीं त्यांवरून साध्या मिठाचें घट्ट पाणी सोडावें. अडकलेलें कॅल्शियम वाहून जातें व खडे पुन्हां कामास सिद्ध होतात. युक्ति उत्तम होती; परंतु हे खडे ठिसूळ असत, आम्लांत विरघळत आणि त्यांची ग्रहणशक्तीहि बेताची असे. खनिजाऐवजीं दुसरा कांहीं टिकाऊ पदार्थ पाहिजे होता. तो मिळाला एका सर्वस्वीं निराळ्या वाटेनें.

ती वाट शिलारसापासून निघते. वैद्यांच्या बटव्यांत आणि गंध्यांच्या दुकानांत पूर्वींपासून ओळखीचा असलेला हा सुवासिक चीक १८३९ सालीं बर्लिनचे औषधनिर्माते एडुआर्ड सिमोन यांनीं ऊर्ध्वपातनासाठीं घेतला. त्यांतून एक पातळ तेल निघालें. त्यास त्यांनीं स्टायरोल असें नांव दिलें, आज तें स्टायरीन म्हणून ओळखलें जातें. हें तेल ठेवून दिलें असतां कालांतरानें आपोआप घट्ट होऊन त्याचा लगदा बनतो, असें त्यांस आढळलें. हवेंतील प्राणवायूमुळें असें होत असावें, हा त्यांचा तर्क. परंतु १८४५ सालीं ब्लाइथ व हॉफमन यांनीं प्राणवायूवांचूनहि नुसत्या उष्णतेनें तोच पालट होतो हें दाखविलें. मग या पदार्थांत नवें असें कांहींच शिरत नसेल, तर पातळाचें घट्ट कशानें होतें? याचें उत्तर १९२० सालीं हेर्मान स्टाउडिंगर यांनीं दिलें. लहान रेणू एकमेकांचे हात धरून हजारोंच्या लांबलचक सांखळ्या बनवितात, हें त्यांचें म्हणणें. आरंभीं त्यावर टीकेची झोड उठली. १९५३ सालीं त्याच कार्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. सांखळीची एकेक कडी म्हणजे एकवारिक, आणि सांखळी म्हणजे बहुवारिक, ज्यास व्यवहारांत पॉलिमर म्हणतात.

सांखळ्या जुळूं लागल्या कीं उष्णता बाहेर पडते, आणि हीच कारखानदारांची मोठी अडचण ठरली. मोठ्या पिंपांत स्टायरीन घट्ट होऊं लागलें म्हणजे आंतली उष्णता बाहेर पडावयास वाट राहत नाहीं. उष्णतेनें क्रियेचा वेग वाढतो, वेगानें उष्णता वाढते, आणि शेवटीं सारें हाताबाहेर जातें. यावर उपाय असा निघाला कीं, तेल पाण्यांत थेंबाथेंबांनीं पसरावें. प्रत्येक थेंब एक चिमुकली भट्टी बनतो आणि त्याची उष्णता भोंवतालचें पाणी ओढून घेतें. हीच निलंबन-पद्धति. जर्मनींत हॉफमन व डेलब्रुक यांनीं १९०९ च्या सुमारास या दिशेनें आरंभ केला आणि १९३१ सालीं बाउअर व लाउथ यांनीं अॅक्रिलिक पदार्थांचे पहिले मणी या रीतीनें तयार केले.

कृति सांगावयास सोपी आहे. पात्रांत पाणी घ्यावयाचें, त्यांत जिलेटीन, पॉलिव्हिनिल अल्कोहोल अथवा कॅल्शियम फॉस्फेटाची अतिबारीक पूड मिसळावयाची. हा थेंबांचा संरक्षक. मग बेंझॉइल पेरॉक्साइडासारखा, तेलांत विरघळणारा पण पाण्यांत न विरघळणारा, आरंभक घातलेलें स्टायरीन त्यांत सोडावयाचें आणि रवीप्रमाणें ढवळीत राहून पाणी तापवावयाचें. ढवळण्यानें तेलाचे थेंब फुटतात. संरक्षकाचें कवच त्यांस पुन्हां मिळूं देत नाहीं. ऐंशी-नव्वद अंश उष्णतेवर कांहीं तासांत प्रत्येक थेंबाचा एक टणक, वाटोळा मणी बनतो. हे मणी पाव-अर्ध्या मिलिमीटराचे, कधीं त्याहून लहान तर कधीं एक-दोन मिलिमीटरांपर्यंत मोठे असतात. रबराच्या चिकासारखें पायस ज्या पद्धतींत बनतें, तीत आरंभक पाण्यांत विरघळणारा असतो आणि निघणारे कण हजारपट बारीक असतात. ती निराळी विद्या होय.

परंतु कृति सोपी असली तरी मधला प्रवास बिकट आहे. अर्धें काम होतें तेव्हां थेंब ना पातळ ना घट्ट, मधाहून चिकट अशा अवस्थेंत असतात. दोन थेंब आदळले तर पातळ थेंबांप्रमाणें ते पुन्हां वेगळे होत नाहींत आणि कठीण मण्यांप्रमाणें उसळून दूरहि जात नाहींत. ते चिकटूनच राहतात. या घटकेस ढवळणें थांबलें, किंवा संरक्षक कमी पडला, तर पात्रांतील सर्व माल एकच प्रचंड गोळा होऊन बसतो आणि तो छिन्नीनें फोडून काढावा लागतो. हलव्याच्या परातींत हात थांबल्यावर जें होतें तेंच हें. फक्त परात कित्येक हजार लिटरांची असते.

आतां मातीचा धागा आणि शिलारसाचा धागा कसे जुळले तें पाहावयाचें. इंग्लंडांत टेडिंग्टन येथील सरकारी प्रयोगशाळेंत अॅडम्स व होम्स यांनीं १९३५ सालीं असें दाखविलें कीं, फेनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बनविलेली कृत्रिम राळहि मातीप्रमाणें आयनांची देवघेव करते. खनिजाची मक्तेदारी संपली. मात्र ही राळ फोडून तिचे वेडेवांकडे तुकडे वापरावे लागत. त्याच सुमारास स्टाउडिंगर व त्यांचे सहकारी यांनीं स्टायरीनमध्यें डायव्हिनिलबेंझीन अल्पांशानें मिसळलें असतां सांखळ्यांमध्यें आडवे सांधे पडतात, आणि मग तो पदार्थ कशांतहि न विरघळतां नुसता फुगतो, असें पाहिलें होतें. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे ग. फ. डॅलेलिओ यांनीं या दोन्ही गोष्टी निलंबन-पद्धतीशीं जोडल्या. सांधे घातलेल्या स्टायरीनचे मणी करावयाचे आणि मग गंधकाम्लाची क्रिया करून त्यांवर ऋणभारित गट बसवावयाचे, ही त्यांची रीत. तिचें एकस्व १९४४ सालीं मंजूर झालें. मातीचें पान जें काम करीत होतें, तें आतां अर्ध्या मिलिमीटराचा मणी करूं लागला. तो आम्लांत विरत नव्हता, वाटोळा असल्यामुळें नळींत पाण्यास वाट देत होता, आणि वर्षानुवर्षें टिकत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अणुसंशोधनासाठीं दुर्मिळ मृत्तिकाधातू एकमेकांपासून वेगळ्या करण्याचें अतिकठीण कामहि आयन-विनिमयानें साधलें. १९४५ सालीं ओळखलेलें प्रोमेथियम हें मूलद्रव्य याच मार्गानें हातीं आलें.

एकजीव मणी साधल्यावर थरदार मण्याची ओढ लागणें स्वाभाविक होतें. आंत एक गुण आणि बाहेर दुसरा, असा कण पुष्कळ ठिकाणीं हवा असतो. आंत रबरासारखा मऊ गाभा व बाहेर कठीण कवच असलेले कण ठिसूळ प्लास्टिकांत मिसळले तर आघात सोसण्याची शक्ति वाढते. छापण्याच्या यंत्रांतील काळी पूड आंतून लवकर वितळणारी हवी, म्हणजे ती कागदावर पक्की बसेल, पण बाहेरून कोरडी हवी, म्हणजे डब्यांत तिचे गोळे होणार नाहींत. पोटांत हलकें हायड्रोकार्बन द्रव आणि वर पॉलिमरचें कवच असे पोकळ होणारे सूक्ष्म गोल १९७० नंतरच्या काळांत निलंबन-पद्धतीनें करण्यांत आले. ते तापविले कीं पोहे भाजल्यासारखे फुलून कित्येक पट मोठे होतात.

थर चढविण्याची रीत अशी. आधीं बनविलेले मणी, म्हणजे बीज, पुन्हां पाण्यांत तरंगत ठेवावयाचे, आणि दुसरें एकवारिक, आरंभकासह, अगदीं सावकाश सोडावयाचें. येथें दोन चुका टपलेल्या असतात. पहिली चूक घाईची. पुरवठा जोरांत झाला तर नवें तेल बीजावर न बसतां पाण्यांत आपलेच निराळे थेंब धरतें, आणि थरदार मण्यांबरोबर बारीक, निरुपयोगी कणांचा भुगा निघतो. परातीच्या कडेला साचणाऱ्या साखरेच्या भुग्याचें हें प्रतिरूपच म्हणावें. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. खसखशीच्या दाण्यांत पाक शिरत नाहीं. पण पॉलिमरचा मणी नव्या तेलानें फुगतो व तें सर्वांगीं शोषून घेतो. तें आंतवर मुरल्यावर घट्ट झालें तर बाहेर थर न बनतां दोन पदार्थांचीं जाळीं एकमेकांत गुंतून बसतात. हें टाळण्यासाठीं बीजांत आडवे सांधे पुरेसे असावे लागतात, पुरवठा इतका मंद असावा लागतो कीं आलेलें तेल मुरण्यापूर्वींच पृष्ठभागीं घट्ट व्हावें, आणि बाहेरचा पदार्थ आंतल्यापेक्षां पाण्याचा अधिक स्नेही असावा लागतो. स्टायरीनच्या गाभ्यावर मेथिल मेथाक्रिलेटाचें कवच सुखानें बसतें तें याच कारणानें. उलट क्रम लाविला तर पाण्याचा स्नेही पदार्थ बाहेर येऊं पाहतो, आणि थर आंतबाहेर उलटण्याची भीति असते.

सारख्या आकाराचे मोठे मणी थरावर थर चढवून करण्याचा हव्यास माणसाला थेट अंतराळांत घेऊन गेला. कण वाढूं लागला कीं तो पाण्यांत तरंगत राहत नाहीं, एकतर वर येतो किंवा तळाशीं बसतो. ढवळावें तर कण एकमेकांवर आदळून चिकटतात. ही कोंडी फोडण्यासाठीं अमेरिकेंतील लीहाय विद्यापीठाचे जॉन व्हँडरहॉफ यांनीं आपलें पात्र १९८२ सालीं कोलंबिया या अंतराळयानांतून पाठविलें, कारण तेथें वर नाहीं आणि खालीं नाहीं. पुढील फेऱ्यांत बनलेले १० मायक्रॉनांचे सारखे मणी अमेरिकन मानक-संस्थेनें १९८५ सालीं सूक्ष्मदर्शकाचें माप म्हणून विक्रीस काढले. अंतराळांत निर्माण होऊन पृथ्वीवर विकला गेलेला तो पहिला माल. गमतीची गोष्ट अशी कीं, त्यापूर्वींच नॉर्वेंत ट्रॉन्‌हाइम येथें जॉन उगेलस्टाड यांनीं बीजास दोन टप्प्यांत फुगविण्याची युक्ति काढून तसेच सारखे मणी जमिनीवरच साधले होते. त्या मण्यांत लोहाचे सूक्ष्म कण भरून वर पातळ थर दिला, कीं चुंबकानें ओढतां येणारे मणी तयार होतात. रक्तांतून विशिष्ट पेशी वेंचून काढण्यास ते रुग्णालयांत व प्रयोगशाळांत उपयोगी पडले.

हिंदुस्थानांत या विद्येचा पाया महाराष्ट्रांत घातला गेला, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ सालीं निघाला. पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें उद्‌घाटन ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें झालें, आणि तिचे पहिले संचालक होते जेम्स विल्यम मॅकबेन. साबणाचे रेणू पाण्यांत पुंजक्यांनीं एकत्र येतात, हें ज्यांनीं जगास शिकविलें तेच हे मॅकबेन. तेल व पाणी यांच्या सीमेवरील ज्ञानाचा असा अधिकारी पुरुष पुण्याच्या प्रयोगशाळेस आरंभींच लाभला. १९५७ सालीं मुंबईंत पॉलिकेम कंपनीनें पॉलिस्टायरीनचें उत्पादन सुरू केलें. १९६४ सालीं आयन एक्स्चेंज ही कंपनी मुंबईंत स्थापन झाली, आणि पाणी शुद्ध करणाऱ्या राळेचे मणी देशांतच बनूं लागले. पुण्याच्या प्रयोगशाळेंतून पुढें सच्छिद्र मण्यांवर विकरें बसविण्याचेंहि संशोधन प्रसिद्ध झालें. बाष्पयंत्राचें पाणी, औषधांचे कारखाने, अणुभट्ट्या, सर्वत्र या मण्यांचा संचार झाला.

मग साहजिकच मनांत येतें कीं, मातीचीच विद्या शिकून मोठा झालेला हा मणी वऱ्हाडच्या खाऱ्या मातीचें ऋण कां फेडीत नाहीं? याचें उत्तर भावनेनें न देतां हिशेबानें दिलें पाहिजे. एक लिटर चांगल्या राळेंत सुमारे दोन तुल्यभार आयन धरण्याची शक्ति असते. नेहमींचें जड पाणी घेतलें, ज्याच्या लिटरांत कॅल्शियम कार्बोनेटाच्या मापानें ३०० मिलिग्रॅम जडपणा आहे, तर तेवढी राळ हिशेबानें ३३० लिटर पाणी मृदु करील. पण एका लिटरांत ३ ग्रॅम मीठ असलेलें खारें पाणी घेऊन त्यांतील सर्व मीठ काढावयाचें म्हटलें, तर तीच राळ जेमतेम ४० लिटरांत, म्हणजे दोन-तीन घागरींत, थकते; शिवाय सोडियमाबरोबर क्लोराइड काढण्यास दुसऱ्या जातीची तेवढीच राळ लागते. आणि दर वेळीं राळ ताजी करण्यास आम्ल व अल्क पाहिजे, तें काढावयाच्या मिठाच्या प्रमाणांत वाढत जातें. म्हणजे विहीर जितकी खारी तितकें आम्ल अधिक, आणि तें वापरलेलें आम्ल टाकावयाचें पुन्हां त्याच मुलखाच्या मातींत.

याहून मोठा धोका दुसरा आहे. नुसतें मृदु करणारें यंत्र पाण्यांतलें मीठ कमी करीत नाहीं. तें कॅल्शियम घेतें आणि सोडियम देतें. बाष्पयंत्रास व साबणास हें मानवतें. पण तें पाणी काळ्या शेतांत गेलें तर चिकणमातीचीं पानें तेंच सोडियम उचलतील, आणि जमीन पूर्वींपेक्षां अधिक बसेल. घरास जें मृदु, तें शेतास कठोर. म्हणूनच जाणते शेतकीतज्ज्ञ अशा जमिनीस उलट औषध देतात, जिप्सम घालतात. त्यांतील कॅल्शियम सोडियमास हुसकून लावतें आणि तें पावसाच्या निचऱ्याबरोबर खालीं जातें. थॉम्सन व वे यांनीं १८५० सालीं जी देवघेव पाहिली, तीच येथें शेतकऱ्याच्या बाजूनें चालविलेली असते.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न खारपाणपट्ट्यांत ज्या दोन वाटांनीं हलका झाला, त्यांपैकीं एक वाट सातपुड्यांतून आली. शहानूर व वान या धरणांचें गोडें पाणी नळानें खालच्या गांवांकडे नेण्यांत आलें. दुसरी वाट उलट-परासरणाची, म्हणजे दाबानें पाणी पडद्यांतून गाळण्याची. तो पडदाहि अखेर पॉलिमरच्या थरांचा: खालीं सच्छिद्र आधार आणि वर केंसाच्या जाडीच्या शेंकडों पटींनीं पातळ असा पॉलिअॅमाइडचा पापुद्रा, जो १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत जॉन कॅडोट यांनीं सिद्ध केला. मण्यास जेथें मिठाच्या प्रमाणांत मोल मोजावें लागतें, तेथें पडद्यास मुख्यतः दाबाचेंच मोल लागतें. मात्र गाळून उरलेलें अतिखारें पाणी कोठें सोडावयाचें, हा प्रश्न पडदाहि सोडवीत नाहीं. तें गांवच्या नाल्यांत गेलें तर मीठ पुन्हां त्याच जमिनींत परत येतें.

एवंच, राळेच्या मण्यानें मातीकडून विद्या घेतली, ती माणसाच्या हातीं दिली, आणि आपल्या सामर्थ्याबरोबर आपली मर्यादाहि दाखवून दिली. त्या विद्येचा खरा लाभ वऱ्हाडास यंत्राच्या रूपानें थोडा आणि समजुतीच्या रूपानें अधिक झाला: पाणी गोड करण्यापूर्वीं तें कोठून येतें, कोठें जातें आणि वाटेंत मातीशीं काय देवघेव करतें, हें विचारावें लागतें. परतवाड्याच्या डोंगरपायथ्याशीं वाळू-गोट्यांत जिरणारें पावसाचें पाणी पूर्णेच्या खोऱ्यास जितकें जपून मिळेल, तितकें तेथील बाईला डोक्यावरच्या घागरीचें अंतर कमी पडेल. संक्रांतीस त्या घागरींतलें पाणी शेगडीवर चढतें, त्यांत साखर विरघळते, आणि पाकाचा पहिला चमचा खसखशीवर पडतो.